तयारी नसलेल्यांची मंडळी

कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारी सकाळी जरा आधी जाऊन बसा. मागचे बाक आधी भरतात, मग मधले, आणि पुढचे दोन बाक आदल्या दिवशी पुसून ठेवलेले तसेच लख्ख राहतात. उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून तिथे बसावं लागतं. नाटकाला पहिल्या रांगेसाठी जादा पैसे मोजणारी हीच माणसं इथे फुकटची पहिली रांग सोडून देतात, ती काही भक्ती कमी पडते म्हणून नव्हे. पुढे बसलेला माणूस पाळकसाहेबांच्या नजरेत भरतो, आणि नजरेत भरलेल्या माणसाच्या गळ्यात काहीतरी पडतं.

पडतं म्हणजे काय, तर पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ. नाहीतर अर्पणाआधीची प्रार्थना, शब्बाथशाळेतला लहानांचा वर्ग, पास्टोरेट कमिटीतली रिकामी जागा, किंवा आजारी माणसाच्या घरी जाऊन धीराचे चार शब्द बोलणं. यातल्या एकाही कामासाठी डोंगर उचलावा लागत नाही. पण ते चुकवण्यासाठी आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत जी प्रतिभा खर्च होते, तिला तोड नाही.

"सलाम ताई. पुढच्या रविवारी दुसरा शास्त्रपाठ तुम्ही वाचा."

"वाचला असता हो पाळकसाहेब, पण माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय."

नवा चष्मा येतो, तेव्हा घसा बसलेला असतो. घसा सुटतो, तेव्हा सुनेचं माहेरचं कुणीतरी येणार असतं. पुरुषांची तऱ्हा निराळी. कमिटीच्या निवडणुकीत आपलं नाव निघणार अशी कुणकुण लागली की त्यांची मोटारसायकल कुणाच्या तरी वाटेत उभी असते आणि ती हलवायला त्यांना ताबडतोब बाहेर जावं लागतं. नाताळच्या नाटिकेत योसेफाच्या भूमिकेवर तरुण संघाच्या उड्या पडतात, कारण चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. हेरोद मात्र दर वर्षी त्याच एका काकांच्या वाट्याला येतो. काका स्वभावाने इतके गरीब की बेथलेहेमची बाळं मारायचा हुकूम सोडताना ते सैनिकांची क्षमा मागतील की काय, अशी धाकधूक असते.

पण या सगळ्या सबबींची राणी वेगळीच आहे. चष्म्यावर तोडगा निघतो, पाळकसाहेब स्वतःचा काढून देतात. घशाला ज्येष्ठमध आहे. ‘अजून माझी तयारी नाही’ या वाक्याला मात्र औषध नाही. ते मान खाली घालून म्हटलं जातं, त्यात थोडी पापकबुलीची छटा असते, आणि ऐकणाऱ्याला पुढे काही बोलणं असभ्य वाटतं. समोरच्याच्या काळजात डोकावून ‘आहे हो तयारी’ असं कोण सांगणार?

अडचण एवढीच आहे, की ज्या टेबलापाशी जायला आपण नको म्हणतो, त्या टेबलावरचं पुस्तक तयारी नसलेल्या माणसांनी गच्च भरलेलं आहे.

मोशेचंच पाहा. होरेब डोंगरापाशी सासऱ्याची मेंढरं राखत होता. जळत्या झुडपातून हाक आली की मिसरात जा, फारोपुढे उभा राहा आणि लोकांना सोडवून आण. मोशेने एकापाठोपाठ हरकती काढल्या. मी कोण असा लागून गेलो? लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? त्यांनी विश्वासच ठेवला नाही तर? आणि मला बोलता कुठे येतं, माझी जीभ जड आहे. काठीचा साप झाला, सापाची पुन्हा काठी झाली, हात कोडाने पांढरा पडून पुन्हा बरा झाला. एवढं सगळं डोळ्यांदेखत घडूनही पाचवी हरकत शिल्लक होतीच: दुसऱ्या कुणाला तरी पाठव. आमच्या कमिटीच्या बैठकीत हा गृहस्थ अगदी खपून गेला असता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा त्याचं वय होतं ८०. ‘आता तरुणांनी पुढे यावं’ हे वाक्य आपल्याकडे त्याच्या किती तरी आधी तोंडात बसतं.

या संवादात मला सर्वांत मौज वाटते ती पहिल्या हरकतीच्या उत्तराची. मी कोण, असं मोशेने विचारलं. हल्लीच्या एखाद्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात याचं उत्तर तयार असतं. तुझ्यात अफाट ताकद आहे, रोज सकाळी आरशात बघून स्वतःला तसं सांग. देवाने यातलं काही म्हटलं नाही. मोशे कोण, या मुद्द्याला त्याने हातच लावला नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच सांगितलं. पुढे पाचव्या हरकतीला तो रागावला खरा, पण त्याच रागात सांगून मोकळा झाला की तुझा भाऊ अहरोन बोलण्यात वाकबगार आहे आणि तो तुला भेटायला निघालासुद्धा आहे. म्हणजे मोशे सबबी शोधत होता, तोवर सोबती वाटेला लागलेला होता.

गिदोनाची कथा तर याहून गमतीची. मिद्यानी लोकांच्या भीतीने हा माणूस द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. गहू झोडायला उघडं, वाऱ्यावरचं खळं लागतं. खड्ड्यात बसून झोडणाऱ्याच्या नाकातोंडात भूस किती गेलं असेल, कल्पना करा. अशा अवस्थेत देवदूत येतो आणि त्याला शूरवीर म्हणून हाक मारतो. भुसाने माखलेल्या गिदोनाने आधी मागे वळून पाहिलं असावं, हाक नक्की कुणाला आहे म्हणून. मग त्याने सांगितलं की आमचं कूळ मनश्शेच्या वंशात सर्वांत दुबळं आणि त्यात मी घरात सर्वांत धाकटा. पुढे रात्रभर खळ्यात लोकर ठेवून त्याने परीक्षा घेतली: लोकर भिजू दे, जमीन कोरडी राहू दे. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. तरी याचं समाधान नाही. दुसऱ्या रात्री उलट करून दाखवायला सांगितलं, आता लोकर कोरडी आणि जमीन ओली. देवाने तेही केलं. इतका सोशिक मुलाखतकार कुठल्याही निवड मंडळाला मिळणार नाही.

यिर्मयाने वय लहान असल्याचं सांगितलं. सारेला वय उलटून गेल्यावर मूल होणार असं कळलं, तेव्हा तंबूच्या दाराआड तिला हसूच आलं. माणसाची तयारी कुठल्याच वयात नसते, हे बायबलने दोन्ही टोकांनी दाखवून दिलं आहे.

बायबलनंतरच्या काळात तरी माणसं सुधारली असतील, असं कुणाला वाटत असेल तर त्याने चौथ्या शतकातल्या मिलान शहरात जावं. सन ३७४. शहराचा बिशप वारला होता आणि नवा कोण, यावरून दोन पक्षांत इतकी तेढ की दंगल व्हायची वेळ आली. प्रांताचा सुभेदार अँब्रोज शांतता राखायला म्हणून चर्चमध्ये गेला आणि लोकांना समजावू लागला. तेवढ्यात गर्दीतून, सांगतात की एका लहान मुलाच्या आवाजात, ओरडा आला: अँब्रोजलाच बिशप करा! दोन्ही पक्षांनी तो उचलून धरला. मिलानमध्ये त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. अँब्रोजला मात्र घाम फुटला. त्याचा तर अजून बाप्तिस्माही झालेला नव्हता.

त्याने काय काय केलं, ते त्याचा चरित्रकार पौलिनस सांगतो. आधी कचेरीत जाऊन आरोपींचा छळ करायचा हुकूम दिला, म्हणजे लोकांनी म्हणावं की असला क्रूर माणूस आम्हांला नको. लोकांनी त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं. मग सगळ्यांच्या देखत बदनाम बायकांना घरी बोलावलं. तरीही लोक ढळले नाहीत. शेवटी रात्री शहर सोडून पावियाच्या दिशेने पळाला, अंधारात वाट चुकला, आणि उजाडल्यावर पाहतो तर मिलानच्याच वेशीवर उभा. मग मात्र त्याने हात टेकले. बाप्तिस्मा आणि बिशपपद यांच्यात त्याला आठवड्याभराचंच अंतर मिळालं. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की स्वतः शिकण्याआधीच त्याला दुसऱ्यांना शिकवायला लागावं लागलं. शब्बाथशाळेच्या प्रत्येक शिक्षकाने हे आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावावं, अर्थात मुलांच्या नजरेपासून जरा उंचावर.

याच अँब्रोजने ३८७ च्या ईस्टरला एका प्राध्यापकाला बाप्तिस्मा दिला, त्याचं नाव ऑगस्टीन. ऑगस्टीन आफ्रिकेत आपल्या गावी परतला तो निवांत वाचन, चिंतन आणि चार मित्र एवढ्यावर आयुष्य काढायचं ठरवून. ज्या गावी बिशपची जागा रिकामी असेल त्या गावाकडे तो फिरकत नसे, उगाच कुणाच्या डोळ्यांत भरायला नको. ३९१ साली हिप्पोला गेला तो बेधडक, कारण तिथे व्हालेरियस नावाचा बिशप आधीच होता. पण व्हालेरियसने उपासनेतच विषय काढला की मला एक धर्मगुरू हवा आहे. लोकांनी मागे वळून पाहिलं, ऑगस्टीनला ओळखलं आणि धरून पुढे नेलं. तो रडू लागला. जवळच्या काही भल्या माणसांना वाटलं, याला थेट बिशप केलं नाही म्हणून हा रडतोय. त्यांनी त्याची समजूत घातली की नाराज होऊ नका, ही पायरीही त्या पायरीच्या जवळचीच आहे. मंडळीतले लोक सांत्वन करायला किती तत्पर असतात आणि दुःखाचं कारण ओळखण्यात किती चुकतात, याचा हा जुना आणि अस्सल दाखला आहे.

तूर शहराच्या मार्टिनची तऱ्हा आणखी वेगळी. ३७१ च्या सुमारास लोकांना तो बिशप म्हणून हवा होता आणि तो मठ सोडायला तयार नव्हता. तेव्हा एका नागरिकाने बायको आजारी असल्याची थाप मारून त्याला बाहेर काढलं आणि वाटेत लोकांनी त्याला घेरलं. मागाहून लोककथेने त्यात भर घातली की तो हंसांच्या खुराड्यात लपला होता आणि हंसांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं. आपल्याकडचा हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. तिकडच्या हंसांनी खरा नकार आणि वरवरचा नकार वेगळा केला म्हणायचा. त्याची किंमत ते बिचारे अजून मोजतात. ११ नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणाच्या सुमारास, जर्मनीत घरोघरी हंस भाजला जातो.

या गोष्टी वाचताना वाटतं, त्या काळच्या मंडळीला एक शहाणपण होतं. खुर्चीकडे धावत येणाऱ्याकडे ती संशयाने पाही आणि खुर्चीपासून पळणाऱ्याचा पाठलाग करी. आमच्याकडेही असे एकदोघे असतातच ज्यांची तयारी कायम झालेली असते. त्यांना प्रार्थना करायला सांगितली की ती आदामापासून निघते, वाटेत सगळे संदेष्टे घेते, पहिल्या मिशनऱ्यांच्या गलबतातून मुंबईला उतरते आणि नगरला पोचेपर्यंत प्रीतिभोजनाचा रस्सा थंड झालेला असतो. अशा वेळी तयारी नसलेल्यांची किंमत कळते. त्यांची प्रार्थना थोडकी असते, कारण त्यांना लवकर जागेवर जायचं असतं. देवालाही त्यात काही वावगं वाटत नसावं.

मग तयारी नाही असं म्हणणं हा विनयच झाला की! बराचसा झालाच. पण त्या विनयाचा पदर जरा बाजूला केला, तर आत एक छोटासा गर्व ऐसपैस बसलेला सापडतो. तो म्हणत असतो, मी उभी राहीन तर पाळकसाहेबांसारखी उभी राहीन, नाहीतर बसूनच बरी. शास्त्रपाठ वाचताना एखादं नाव अडखळलं तर मंडळीची काय हानी होणार आहे? नहेम्याच्या पुस्तकातली नावांची यादी न अडखळता वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण आपल्याला वाटतं, सगळी मंडळी आपल्याच अडखळण्याची वाट बघत बसली आहे. खरं तर मंडळी त्या वेळी घरी कुकर बंद केला की नाही, याचा विचार करत असते.

आता दुसरी बाजू. ‘पुढे हो’ म्हणणं फार स्वस्त आहे. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याला पुढे ढकलणारे प्रत्येक मंडळीत असतात, आणि बहुधा त्यांचीच मोटारसायकल निवडणुकीच्या वेळी वाटेत उभी असते. खेड्यात मुलाला पोहायला शिकवताना काका त्याला विहिरीत ढकलतो, पण पाठोपाठ स्वतःही उडी मारतो. काठावर उभं राहून नुसत्या सूचना देणाऱ्या काकाला काका म्हणू नये.

उडी मारणारा काका पाहायचा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांतला बर्णबा पाहावा. मूळचा कुप्र बेटाचा, लेवी वंशाचा. जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा. शौल, म्हणजे पुढचा पौल, दिमिष्काच्या वाटेवर बदलला, हे आपण सगळे जाणतो. पण तो यरुशलेमला आला तेव्हा कुणी त्याला जवळ करेना. कालपर्यंत लोकांना धरून तुरुंगात टाकणारा माणूस आज भाऊ म्हणून आला तर दार कोण उघडणार? बर्णबाने त्याला सोबत घेतलं, प्रेषितांपुढे नेलं आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. पुढे शौलाला तार्साला पाठवून दिल्यावर तो काही काळ कथेतून दिसेनासा होतो. इकडे अंत्युखियाची मंडळी वाढत होती. तिथे पाठवलेला बर्णबा एकट्याने गाडा ओढून नाव कमावू शकला असता. त्याऐवजी तो उठून तार्साला गेला, शौलाला शोधून काढलं आणि घेऊन आला. वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं. ‘तू ये, तुला जमेल’ असा नुसता निरोप त्याने धाडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

या कथेत एक बारीक गंमत आहे. सुरुवातीला ही जोडी बर्णबा आणि शौल अशी ओळखली जाते. कुप्र बेटावरून पुढे निघेपर्यंत ती पौल आणि बर्णबा अशी होते. ज्याला हाताला धरून आणलं त्याचं नाव आपल्या आधी लागलं. निमंत्रणपत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून मंडळी बदलणारी माणसं मला माहीत आहेत. बर्णबाने त्याबद्दल हूं की चूं केल्याची नोंद नाही.

तो भांडला ते एकदाच, आणि तेही दुसऱ्यासाठी. योहान मार्क नावाचा त्याचा नातलग पहिल्या दौऱ्यात सोबत निघाला होता आणि पंफुल्यातून अर्ध्यावर परत आला. का, ते लिहिलेलं नाही. घरची आठवण आली असेल, डास चावले असतील, पुढचा डोंगर पाहून धीर खचला असेल. दुसऱ्या दौऱ्याच्या वेळी पौल म्हणाला, याला नेणार नाही. बर्णबा म्हणाला, नेणार. वाद इतका पेटला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पौल सीलाला घेऊन गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला. यानंतर बर्णबाचं नाव त्या पुस्तकात येत नाही. पण बऱ्याच वर्षांनी पौलाच्याच नावच्या पत्रात मार्काला बरोबर घेऊन ये, तो कामाचा आहे, असा निरोप दिसतो. आणि परंपरा सांगते की चार शुभवर्तमानांतलं सर्वांत आटोपशीर शुभवर्तमान या मार्काचंच. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या पोराने लिहिलेलं पुस्तक आज जगभर शास्त्रपाठाला वाचलं जातं, आणि तरी आपण चष्म्याची सबब सांगतो.

मराठी मंडळीत बर्णबाच्या घराण्यातली माणसं कमी झालेली नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट घ्या. शाळा न पाहिलेली ही बाई. नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिली. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या ख्रिस्ती व्हायला मुळीच तयार नव्हत्या. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. एकत्र आल्यावरही सोवळं-ओवळं त्यांनी एका दिवसात टाकलं नाही. हळूहळू स्वतःच्या बुद्धीने पटवून घेत त्या १९०० साली नवऱ्याच्या वाटेवर आल्या. टिळकांसारख्या धबधब्याला एवढं थांबायला लावणं हेच मोठं काम. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुरुवातीचे काही अध्याय लिहून टिळक १९१९ मध्ये गेले. उरलेला मोठा भाग पुरा केला तो लक्ष्मीबाईंनी. आणि मुलगा देवदत्त याने आठवणी लिहाच म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ पासून ती चार भागांत आली आणि मराठी गद्याला आपल्या घरात असा झरा होता याची जाणीव झाली. आपण लेखिका कधी होऊ, याची वाट बघत लक्ष्मीबाई बसल्या असत्या तर आपण आजही वाट बघत असतो.

तयारी पाऊल टाकल्यावर येते, असं पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगतात, पण ती नक्की कधी येते हे यहोशवाच्या पुस्तकात बारकाईने दिलं आहे. यार्देन पार करायची होती. हंगाम कापणीचा, नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. कराराच्या कोशाचे दांडे खांद्यावर घेतलेल्या याजकांना सांगितलं होतं की पाय पाण्यात टाका, मग पाणी थांबेल. आधी थांबेल आणि मग तुम्ही उतरा, असं नव्हतं. त्यांचे पाय काठाच्या पाण्याला लागले आणि पाणी थांबलं. पण थांबलं कुठे? त्यांच्या पायाशी नाही, तर वर, बरंच लांब, आदाम नावाच्या गावापाशी. ते त्या याजकांना दिसण्यातलं नव्हतं. माझी कल्पना अशी की खालचं पाणी ओसरून जाईपर्यंत थोडा वेळ ते नुसतेच ओल्या पायांनी, खांद्यावर ओझं घेऊन, एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असतील. एखादा पुटपुटलाही असेल की मी म्हटलंच होतं, होडी घेऊ या. काम सुरू झाल्यावर पहिले काही रविवार असेच ओल्या पायांचे असतात. चमत्कार झालेला असतो, पण वर, लांब, आपल्याला न दिसणाऱ्या गावात.

हे सगळं खरं असलं तरी ‘नाही’ म्हणणाऱ्याला कायमचं भित्रं ठरवू नये, असंही बायबलच सांगतं. गिदोनाकडे ३२,००० माणसं जमली होती. ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं, असं जाहीर झालं आणि २२,००० निघून गेले. त्यांना कुणी नावं ठेवल्याचं लिहिलेलं नाही. त्यांच्या घरीही गहू झोडायचा असेल, लेकरं असतील. पेत्र पाण्यावर चालला त्या रात्री होडीत बसून राहिलेल्या अकरा जणांवर दर वर्षी एखादं प्रवचन तरी होतंच, पण तो बुडू लागल्यावर त्याला परत यायला होडी जागेवर होती ती त्यांच्यामुळे. मंडळीला चालणारे लागतात तसे वल्ही धरणारेही लागतात. फक्त एवढं पाहावं की आपण खरोखर वल्हं धरलेलं आहे, नुसते मागच्या बाकावर बसलेलो नाही.

आणि गिदोनाबद्दल एक राहिलंच. सैन्य छाटत छाटत ३०० वर आलं. त्या रात्री देवाने त्याला सांगितलं की छावणीवर चाल करून जा, आणि भीती वाटत असेल तर आधी आपल्या चाकराला बरोबर घेऊन खाली जा, ते काय बोलतात ते ऐक. दूत, लोकर, वाटीभर पाणी एवढं सगळं होऊनही भीती शिल्लक असेल, हे देवाने धरूनच ठेवलं होतं. तिची चौकशी नाही, तिच्यावर व्याख्यान नाही. भीती आहे? बरं, सोबतीला एक माणूस घे. गिदोनाने मुकाट्याने चाकराला बरोबर घेतलं, यावरून उत्तर काय होतं ते कळतं.

म्हणून कुणी आपल्याला पुढे बोलावलं, तर ‘माझी तयारी आहे का’ हा प्रश्न आता मी बाजूला ठेवते. त्याचं उत्तर सुभेदार अँब्रोजपासून आजवर कुणालाच होकारार्थी मिळालेलं नाही. त्याऐवजी बोलावणाऱ्याला विचारावं, की तुम्ही येताय ना बरोबर? पहिल्या रविवारी बाजूला उभे राहाल? अडखळले तर ते नाव हळूच सांगाल? अर्ध्यावरून परत आले तर पुन्हा न्याल? तो हो म्हणाला, तर चष्मा असो नसो, उठावं. आणि तो घड्याळाकडे पाहत ‘बघू’ म्हणाला, तर खुशाल लपावं. फक्त आसपास हंस नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी.